वज्रकंठाला कुणी मारू नये

कुंदा, या वेळी तू खरंच पडलीस. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते वैतागले आणि म्हणाले, "मॅडम, ब्रेन हॅमरेज पहले हुआ, गिरीं बाद में." तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. 'बाथरूममध्ये पडले' हे तू मला चौदा वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतंस, की तुझ्या मरणाची बातमीही तेच शब्द घेऊन आली तेव्हा मी फोनवर तुझ्या लेकीला, सईला, "कुणी पाडलं?" असं विचारून बसले. ती काही बोलली नाही. आज साडेतीन आठवडे झाले, ते तिचं न बोलणं अजून कानातून जात नाही.

लोक तुझ्याबद्दल भरभरून लिहितायत. 'शिळाराज्य'चे तीन खंड, मराठीत जादूच्या आणि युद्धाच्या एवढ्या मोठ्या गोष्टी, आणि त्याही चंडीगढला बसून. सगळं खरं आहे आणि ते त्यांनी लिहावं. मला मात्र भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलेलं असताना तू मधेच उठून गेलीस, हे मला अजिबात चाललेलं नाही.

तू माझ्या घरी येऊन लिहायचीस. सकाळी झिरकपूरहून बस, पुढे ऑटो, आणि सेक्टर अडतीसमधल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर अकरा ते दोन. तुझ्या वह्यासुद्धा माझ्याच कपाटात, जुन्या रजयांच्या खाली. "तुझ्याकडं शांत असतं गं," असं म्हणायचीस. आमच्याकडे कसली शांतता? शेजारच्या गुरमीतची मिक्सी, भाजीवाल्याचा भोंगा, आणि वर माझी अखंड बडबड. तुझा फ्लॅट आठव्या मजल्यावर, लेक नोकरीला गुडगावला, नवरा निवृत्त आणि दिवसभर पेपर वाचत बसणारा. तिथे शांतता नव्हती आणि माझ्याकडे होती, यात काहीतरी चुकतंय हे एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. तुझा नवरा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यात खड्या आवाजात आरती म्हणायचा, मला आदराने 'ताई' म्हणायचा, निघताना जिन्यापर्यंत सोडायला यायचा. अशा माणसाबद्दल काही मनात आणायचं म्हणजे आपल्यालाच पाप लागेल असं वाटायचं.

आपण दोघी हसलोही खूप. ऑटोत बसून माणसं कशी मारायची यावर तू बोलत राहायचीस. मार्केटमधल्या मटणवाल्याला तू एकदा सरळ विचारलंस, मनगट एका घावात तुटतं का. तो बिचारा सुरी खाली ठेवून म्हणाला, "आदमी का या बकरे का, बहनजी?" तू म्हणालीस, सेनापतीचं. त्याने गंभीरपणे सांगितलं, सेनापती असेल तर दोन घाव धरा. परत येताना ऑटोवाल्याने आरसा आपल्याकडे वळवला तो घर येईपर्यंत सरळ केला नाही. तुझ्या पुस्तकांत रक्त फार असतं, अशी पुण्याच्या प्रकाशकांची तक्रार होती. पहिल्या खंडात गाव जाळलंस, दुसऱ्यात एकशेचाळीस कैदी कड्यावरून ढकलून दिलेस, तिसऱ्यात राजाच्या पोराच्या तोंडात शिसं ओतलंस. हे सगळं लिहून झालं की माझ्याकडची थालीपिठं दही लावून खायचीस. मक्याच्या पिठाची थालीपिठं माझ्याइतकी वाईट कुणी करत नाही, असं म्हणून तीन खायचीस.

आणि मग तो वज्रकंठ. शिळाराज्याचा सेनापती, निहाराचा नवरा. इतका नालायक माणूस मराठीत फार कमी लिहिला गेला असेल. दरबारात मृदू बोलणारा, लढाईत शूर, आणि घरी बायकोची बरगडी मोडणारा. तीन खंड संपले तरी तो जिवंत, धडधाकट, वर सन्मानाने मिरवणारा. वाचकांच्या पोटात आगडोंब उसळला होता. नाशिक, सांगली, लातूर, कुठून कुठून पोरंपोरी तुझ्या पात्रांच्या स्वतःच गोष्टी लिहायला लागली, व्हॉट्सॲपवर आणि त्या गोष्टींच्या ॲपवर टाकायला लागली. जग त्याला फॅनफिक्शन म्हणतं, तू 'उपऱ्यांचं लेखन' म्हणायचीस. म्हणायचीस, पण वाचायचीस सगळं.

याबाबतीत धोरण काय ठेवायचं, यावर आपण महिनाभर खल केला. परदेशातल्या जादूवाल्या लेखकांनी काय काय ठरवलंय ते मी माझ्या फोनवर शोधून तुला वाचून दाखवायचे. कुणी म्हणतं, माझ्या माणसांना हात लावलात तर वकिलाची नोटीस येईल. कुणी म्हणतं, खुशाल लिहा पण मला दाखवू नका, उद्या मला तेच सुचलं तर चोरीचा आळ माझ्यावर यायचा. कुणी म्हणतं, खेळा हवं तितकं, फक्त विकू नका. तुला हा शेवटचा पटला. फेसबुकच्या पानावर तू चारच ओळी टाकल्यास. हौसेने लिहा. पैसे घेऊ नका. पात्रं कुंदाची आहेत असं वर लिहा. आणि चौथी ओळ: वज्रकंठाला कुणी मारू नये.

"काऊन?" मी विचारलं. मी अमरावतीची, माझा काऊन तुला नेहमी हसवायचा, त्या दिवशी हसलीस नाहीस.

"तो माझा आहे. त्याला मी मारणार."

"मग मार ना. तीन खंड झाले."

"मारीन की. घाई काय लागलीय तुला?"

"कायदा काय म्हणतो ठाऊक आहे ना? पात्रं तुझी, तू मेल्यावरही साठ वर्षं."

"मग थांब साठ वर्षं," तू म्हणालीस. "नंतर तू मार."

मला तो तुझा माज वाटला, कुंदा. निहाराची कुणाशीही लग्नं लावा, राजाला बेडूक करा, मेलेल्यांना उठवा, सगळं चालेल, आणि एकट्या त्या हलकटाला अभय. लेखिकेला आपल्या खलनायकाचा लळा लागलाय, असं मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं. आणि मी ठरवलं की याला मी मारणार.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. आपल्या मंडळाचं दिवाळी हस्तलिखित अजूनही हातानेच लिहितात, आणि त्याची प्रत एकच. सगळं लेखन पानसेकाकू आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढतात, आणि तो जाडजूड अंक घरोघरी फिरतो. प्रत्येक घरी चार दिवस, वाचून झालं की मागच्या यादीत सही. आधी सेक्टर, मग पंचकुला, मोहाली, शेवटी झिरकपूर. मी गोष्ट दिली ती 'एक वाचक' या नावाने. तुझा नियम मोडत होते, नाव घालायची छाती नव्हती. अकरा पानं. त्यात मी वज्रकंठाला रणांगणात मारलं, हत्तीच्या पायाखाली, आतडी बाहेर काढून, हौस फिटेपर्यंत.

आणि एक चोरी केली. तू चहा करायला उठायचीस तेव्हा मी तुझी चौथ्या खंडाची वही उघडून वाचायचे. त्यात होतं की निहाराला मारून झालं की वज्रकंठ कोमट पाण्याने सावकाश हात धुतो, मागे न बघता पंच्यासाठी हात मागे करतो, आणि निहाराने तो द्यायचा. नुकताच मार खाल्लेल्या बाईने. मी वाचलं आणि अंगावर काटा आला. काय कल्पनाशक्ती आहे या बाईची, असं वाटलं. छापलेल्या तीन खंडांत हे कुठेही नव्हतं. मी ते उचललं आणि माझ्या गोष्टीत पहिल्याच पानावर घातलं.

संक्रांतीनंतर तू आलीस ती डाव्या हाताला प्लास्टर घालून. बाहेर इतकं धुकं होतं की समोरचा पार्क दिसत नव्हता. "घसरले," म्हणालीस. पिशवीतून हस्तलिखित काढून टेबलावर आपटलंस आणि माझ्याकडे न बघता ती अकरा पानं फाडायला लागलीस. एका हाताने जमेना तेव्हा अंक गुडघ्याखाली दाबलास आणि पानं दातांत धरून ओढलीस. मंडळाच्या अंकाची एकुलती एक प्रत, पानसेकाकूंचे महिन्याभराचे कष्ट. मी तुझा खांदा धरला. तू मला इतक्या जोराने ढकललंस की फ्रिजचं हँडल माझ्या पाठीत घुसलं.

"चोरटी आहेस तू," म्हणालीस. "माझ्या वहीतलं चोरलंस."

"तुझ्या वह्या सांभाळते मी बारा वर्षं," मी ओरडले. "तुझ्या त्या राक्षसाला मारला म्हणून एवढं? त्याच्याशी लग्न लागलंय का तुझं?"

असं म्हणाले मी तुला. आणि मग हाताशी होता तो तांब्या उचलून फेकला. तो तुझ्या भुवईला लागला. रक्त डोळ्यात उतरलं. मी हादरून उभी राहिले, आणि तू पदर दाबलास, खुर्चीत बसलीस, वर बघून शांतपणे म्हणालीस, "झालं? आता चहा टाक."

मी चहा टाकला. मार बसल्यावर इतकं सरावल्यासारखं कसं वागता येतं, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता. मी तुला बँडेज लावलं, चार वेळा माफी मागितली, आणि तू म्हणालीस, असू दे गं, तू काय रोज मारतेस का. मी त्यावर हसले होते. आठ दिवसांनी तू पुन्हा अकरा वाजता हजर. त्या विषयावर आपण नंतर कधी सरळ बोललो नाही. कॉपीराइटवर बोललो. कुठल्या लेखकाने काय परवानगी दिली, कुणी नोटीस पाठवली, लेखक मेल्यावर पात्रांचं काय होतं. दोन वर्षं आपण कायद्यावर भांडत होतो. निदान मी तरी कायद्यावरच भांडत होते.

तुझ्या तेराव्याला सईने मला बाल्कनीत नेलं. खाली झिरकपूरचा तो कायमचा जॅम लागलेला, हॉर्न वाजतायत, आणि ती पोर रेलिंग घट्ट धरून बोलत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत.

"मावशी, वो दिवाली वाली बुक घर आयी थी ना. मैं छुट्टी पे थी. पापा कभी आई का लिखा नहीं पढ़ते. वो वाली पढ़ ली. पहले पेज पे ही वो पानी और टॉवेल वाली बात."

मीही रेलिंग धरलं.

"उनको लगा आई ने लिखा है. नाम बदल के. और कौन जानता था? आई ने बोला मैंने नहीं लिखा. फिर पूछा, किसने लिखा? आई ने नाम नहीं बताया." तिने एकदा आत बघून घेतलं. "हाथ दरवाज़े में रखवा के दरवाज़ा बंद किया था. दो बार."

आणि नंतर, ती म्हणाली, पाणी कोमट करून मागितलं.

कुंदा, तुला माझं नाव सांगता आलं असतं. 'ती सेक्टर अडतीसची बाई, तिने लिहिलंय', एवढं म्हटलं असतंस तरी पुरलं असतं. पण मग तो मला येऊन भेटला असता, माझ्याकडे यायचं बंद झालं असतं, टेबल गेलं असतं, वह्या गेल्या असत्या. तू तुझा हात दिलास आणि माझं नाव राखलंस. त्यावर मी तुला तांब्या फेकून मारला. हे कुठे ठेवू मी? लेखकाचा हक्क म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ, अशी माझी समजूत होती. आपल्याच आयुष्यातली एक गोष्ट कधी सांगायची, कुणाला सांगायची, सांगून झाल्यावर घरी परत कसं जायचं, हे आपलं आपण ठरवायचा हक्क तू मागत होतीस. मी तो तुझ्या वहीतून काढून बावीस घरांत फिरवला.

सईचं बोलणं संपतं न संपतं तोच तुझा नवरा आत बोलवायला आला. माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"ताई, तिच्या वह्या तुमच्याकडे आहेत असं कळलं. प्रकाशकांशी बोललो मी. आता कायद्याने हक्क माझ्याकडे. माझी इच्छा आहे चौथा खंड तुम्ही पूर्ण करावा. रीतसर परवानगी देतो, लेखी. तुमचं नावही येईल."

आयुष्यभर मी ज्याची वाट बघितली ते, तुझ्याकडून कधी न मिळालेलं, त्याच्या तोंडून आलं.

"फक्त एक आहे," तो म्हणाला. "शेवटी त्या सेनापतीला पश्चात्ताप झालेला दाखवा. बायको त्याला माफ करते, असं काहीतरी. कुंदाच्या मनात तेच होतं. ती फार क्षमाशील होती."

त्याने पुस्तकं वाचली होती तर. तू गेल्यावर तेरा दिवसांत तिन्ही खंड. मी म्हणाले, विचार करते. घरी येऊन रजया बाहेर फेकल्या आणि तुझ्या सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या. तो प्रसंग तू सात वेळा लिहिला आहेस. निहाराला मारून झालंय, वज्रकंठ हात धुतोय. सातही वेळा वाक्य एकाच ठिकाणी थांबलंय: 'त्याने पंच्यासाठी हात मागे केला, आणि निहारा'. पुढे कोरं. सातव्या वेळी पेन इतकं दाबलंयस की कागद फाटलाय. तुला त्याला मारायचं होतं, तुला मटणवाल्याचं उत्तर पाठ होतं, आणि तुला ते लिहवत नव्हतं. कारण लिहून दोन वाजता तुला झिरकपूरची बस पकडायची असायची.

मी दहा दिवस घेतले. काल दुपारी त्याच्या घरी गेले. सई दोन दिवसांनी गुडगावला परत जाणार होती, तिलाही बसायला सांगितलं. त्याने स्वतः चहा केला. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले, तुझी वाक्यं तुझी म्हणून, आणि जिथे तू थांबलीस तिथून माझी.

'त्याने पंच्यासाठी हात मागे केला, आणि निहाराने कोयता उचलला. पहिल्या घावाला हाड वाजलं, दुसऱ्याला हात फरशीवर पडला. वज्रकंठ वळला. सुटलेल्या मनगटाला धरायला त्याने दुसरा हात पुढे केला, तिने तोही तोडला. तो हात घंगाळात पडला आणि कोमट पाणी लाल झालं. बोटं पाण्यात अजून हलत होती. त्याला अजून काहीच कळलेलं नव्हतं. सवयीने तो म्हणाला, पंचा. निहारा म्हणाली, पुसायचं काय आता? ती पाटावर बसली. तो मरेपर्यंत बराच वेळ गेला. त्याने दयेची याचना केली, पोरीची शपथ घातली, मला पश्चात्ताप झालाय म्हणाला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. माफ केलं नाही.'

त्याने कप बशीत ठेवला.

"हे चालणार नाही, ताई. मी परवानगी देत नाही." आवाज अगदी मऊ. "ते कागद इकडे द्या."

"तुमची परवानगी मी मागितली नाही," मी म्हणाले.

तो उठला. दोन पावलांत माझ्यासमोर आला आणि त्याचा हात वर गेला. मला भीती वाटली, कुंदा, खोटं कशाला सांगू. कागद छातीशी धरले आणि डोळे मिटले नाहीत, एवढंच जमलं. तो हात खालून कसा दिसतो, हे चौदा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं.

सई बाल्कनीच्या दारातून आली, माझ्या खुर्चीच्या हातावर बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

"आधा मेरा है, पापा," ती म्हणाली. "वकील से पूछ लिया है मैंने. आई की किताबें आधी मेरी हैं. मेरी तरफ़ से परमिशन है."

हात तसाच वर होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मी छातीशी धरलेल्या कागदांवर तिने बोट ठेवलं.

"मावशी, फिर से पढ़ो. जहाँ पहला हाथ गिरता है, वहाँ से."

मी वाचलं. तो उभ्याने ऐकत होता.